खिडकीजवळच्या मायक्रोस्कोपचं गुपित

कोल्हापूरच्या विज्ञानजगतात सत्तरच्या दशकात घडलेला एक भीषण विश्वासघात मी आज जाहीर करतो आहे; नाजूक हृदयाच्या वाचकांनी बसून वाचावे. परवा रक्त तपासायला गेलो, तिथे भिंगं पुसायच्या झायलॉलचा वास आला आणि आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा समोर उभी राहिली. काळे दगडी ओटे, आणि खिडकीजवळ स्वच्छ भिंगाचा एकुलता एक मायक्रोस्कोप. त्याला खोड एकच: नळी आपोआप खाली घसरायची आणि दिसत असलेलं सगळं पुसट व्हायचं. प्रॅक्टिकलच्या आठवड्यात तिथल्या शिपाईमामांनी मला कोपऱ्यात ओढलं. "दोन्ही बाजूंची चाकं धरायची आन् उलटसुलट पिळायची, नळी घट्ट बसतीय. फकस्त तुलाच सांगतोय लेका, कुणाला बोलायचं न्हाई!" मी गहिवरलो. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी गुपचूप चाकं पिळली आणि सकाळी सर्वांआधी पळत जाऊन तो मायक्रोस्कोप पटकावला. परीक्षक शेजारी येऊन उभे राहिले, आणि चाक हलेना! दोन्ही हातांनी जोर लावला, घाम फुटला, पण नळी ढिम्म. "हे इतकं कुणी पिळलं?" परीक्षक गरजले. मी हात वर केला. मग मागे एक हात वर झाला, मग दुसरा, मोजता मोजता अकरा. नापास होण्याची भीती मी केव्हाच विसरलो. मामा माझ्या एकट्याचे नव्हते, हे दुःख मात्र या वयातही सलतं. मामा दाराआड सरकू लागले, तेवढ्यात माझा जिवलग मित्र रडवेल्या आवाजात ओरडला, "मामा, आईची शप्पत घालून तुमी मला एकट्यालाच सांगितलं हुतं की ओ!"