बहिणीकडचं धुकं

राजधानीच्या द्वारका उपनगरातल्या नव्याकोऱ्या, अर्ध्या रिकाम्या सोसायटीतला तो आमचा पहिला उन्हाळा. नळाला उकळतं पाणी यायचं आणि कूलर नुसती लूची गरम झळ आत ओढायचा. एका रविवारी अलिबागहून धाकट्या बहिणीचा फोन आला.

"सकाळी इतकं धुकं असतं गं, समोरचा समुद्रसुद्धा दिसत नाही."

माझा तिळपापड झाला. हिला समुद्र दिसत नाही, आणि मला चप्पल घालूनही गच्चीवर उभं राहवत नव्हतं. मी "हं" एवढंच म्हणाले.

"कुरडया घातल्या होत्या," ती रडवेली झाली, "दमट हवेनं सगळ्या बुरसल्या. तुझ्या वाळल्या?"

"एका दिवसात. कडकडीत."

त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच मला गार वाटलं.