दोन गाठींचा दोरा

जळगावच्या एमआयडीसीत आम्ही पितळी पट्टी दोन रोलांमधून दाबून पातळ पत्रा काढतो. रोलावर धरणगावचे एक नाना होते. कानावर कायम बिडी; ती पेटलेली मी कधी पाहिली नाही. रोलाच्या कडेला त्यांनी मुद्दाम एक ओरखडा काढला होता. दर फेऱ्याला त्याची खूण पत्र्यावर उमटे. त्यांच्या दोऱ्यावर एक गाठ रोलाच्या घेराची होती; पत्र्यावरच्या दोन खुणांमधलं अंतर मोजून ते दुसरी मारत. ती नेहमी जराशी पुढे पडे.

"बाहेर निंघताना पत्रा रोलना पुढे पळस, साहेब. गाठी जवळ उन्यात की समजा, पकड सुटनी."

मी इंजिनियर. पत्रा रोलापेक्षा जरा जास्त वेगाने बाहेर पडतो, हे जे मी पुस्तकात पाठ केलं होतं, ते या माणसाने दोऱ्यात धरलं होतं. मी थक्क होऊन बघत राही.

पत्र्याला चकाकी यावी म्हणून एकदा मीच तेल वाढवलं. नाना नको म्हणत होते. रोल घसरले, पत्राभर चरे उठले. मालकाने विचारलं तेव्हा मी त्या ओरखड्याकडे बोट दाखवलं. नानांना पॅकिंगला बसवलं. "बरं शेठ," एवढंच ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी दोरा माझ्या हातात ठेवला. त्या दिवशीची दुसरी गाठ पहिलीला चिकटलेली होती. मालकासमोर तो त्यांच्या खिशातच होता.

मालकाला मी अजून खरं सांगितलेलं नाही. नाना खोकी बांधतात, आणि मी शेजारून गेलो की मान वर करून विचारतात, "पत्रा पुढे पळस ना, साहेब?"