काज

आमच्या गल्लीच्या तोंडाशी युनिफॉर्मचा कारखाना आहे. दारातल्या मशीनवर बसून एक बाई पोलिसांच्या खाकी शर्टांना काजं करते. प्रत्येक शर्टाची सगळी बटणं एकदा लावून बघते, छातीवरून तळहात फिरवते आणि मगच तो गठ्ठ्यावर ठेवते. तिला स्वतःला पोलीस व्हायचं होतं. उंचीत बोटभर कमी भरली, हे तिनंच मला हसत सांगितलं होतं.

परवा तिनं माझ्या हातातला पेपर मागून घेतला आणि पोलीस भरतीची जाहिरात बोट ठेवून वाचायला लागली. मला कसंतरीच झालं.

"अजून वाटतं का हो, ताई?"

"तसं न्हाय ओ. किती जागा निघाल्यात ते बघते. तेवढ्यांना शर्ट लागणार की!"

मग मान ताठ करून म्हणाली, "परेडला समदे छाती फुगवून हुबारत्यात. आजवर एकाचंबी काज उसवलं न्हाय. माझ्या हातचं हाय ते."

पेपर परत देताना तिची नजर माझ्या शर्टावर थांबली. वरून दुसरं बटण लोंबत होतं.

तिची कीव करायला निघालेला मी, पेपर छातीशी धरून घरी आलो.