पिवळे तळहात

माझी थोरली बहीण स्तनाच्या कर्करोगाने गेली आणि पुढची पाळी आपली, असं माझ्या मनाने घेतलं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. देवीवर श्रद्धा होती, पण ती भित्री झाली होती. एका मासिकात वाचलं, की अ जीवनसत्त्व आणि अँटिऑक्सिडंट असलेल्या भाज्या या रोगाला लांब ठेवतात. झालं, विरारला चंदनसारच्या आमच्या घरात रोज गाजराचा रस, पपई, पालक सुरू झाला. वर अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या, त्याही कुणाला न विचारता. "मी एवढं करते आहे, तू मला सांभाळ," असं देवीला रोज बजावायचे.

आणि तरीही एका सकाळी अंघोळ करताना हाताला गाठ लागली. मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. रस दुप्पट केला, गोळ्या वाढवल्या. डोकं जड असायचं, माणसांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे वाटायचे. मी त्या धुक्यातच वावरत होते.

अशाच एका शुक्रवारी वसईला देवीच्या दर्शनाला गेले आणि देवळाच्या पायरीवर भोवळ येऊन बसले. नारळींतून झिरपणारं ऊन अंगावर हलत होतं. समोर होळी गावची एक मावशी भाजी घेऊन बसली होती. तिने पाणी आणून दिलं आणि माझा हात उलटा करून पाहिला.

"बाय, हात एवढे पिवळे? कावीळ नाय ना?"

"गाजरं खाते खूप. कॅन्सर होऊ नये म्हणून." मग कसं कोण जाणे, पुढचंही तोंडून गेलं, "पण छातीत गाठ आलीय."

पदर सारखा करत ती म्हणाली, "माझा डावा काढला, सात वर्सं झाली. जन्मभर वाडीतली ताजी भाजी खाल्ली मी. भाजी चांगलीच गं, पन ती काय डाक्टर नाय. कोनाला दाखवलं?"

मी नकारार्थी मान हलवली. तिने टोपली शेजारणीच्या हवाली केली, माझा हात धरला आणि ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. वाटभर तिने हात सोडला नाही.

गाठ कर्करोगाचीच निघाली, पण लहान होती, पसरलेली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या आधी बंद केल्या. अति झालं की हे जीवनसत्त्वही बाधतं, डोकं जड होतं ते त्यानेच, म्हणाल्या. भाज्या खुशाल खा, पण त्यांच्या भरवशावर तपासणी टाळू नका. पुढे ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, परत आले.

त्या दिवशी देवीच मला भेटली का, हा वाद मी कुणाशी घालत नाही. बरी झाल्यावर ओटीचं सामान घेऊन देवळापाशी मावशीकडे गेले, तर ती हसली. "माझी कसली ओटी भरते? चल आत."

आम्ही दोघी गाभाऱ्यासमोर बसलो. समईची ज्योत संथ तेवत होती. इतकी वर्षं मी देवीशी सौदाच करत आले होते, हे तिथे उमगलं. हात जोडले, आणि बऱ्याच वर्षांनी मला तिच्याकडे काही मागावंसं वाटलं नाही.