आळं भरेपर्यंत

डॉक्टरीणबाईंनी मला दोन्ही हात समोर धरायला सांगितले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. पंखा बंद होता, तरी कागद फडफडायला लागला. कधीपासून, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गणपतीच्या चवथीपासून. तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती.

रक्ताचा रिपोर्ट आल्यावर नाव कळलं, हायपरथायरॉइडिझम. म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते. स्कूटर उभी आहे आणि कुणीतरी अ‍ॅक्सिलरेटर पिळून धरलाय, तसं. भरपूर जेवून वजन उतरतं, छाती धडधडते, झोप लागत नाही आणि जो समोर येईल त्याच्यावर डाफरावंसं वाटतं. यातलं काही तुमच्या घरात दिसलं तर सुनेचा स्वभाव बिघडला म्हणू नका, आधी रक्त तपासा.

आमच्याकडे आधी देवीच्या मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावून कौल घेतला. सासूबाईंनी विचारलं, बाधा आहे का? देवीनं 'नाही' असा कौल दिला. आम्ही खुशाल घरी आलो. देवीचं चुकलं नाही, बाधा नव्हतीच. आमचा प्रश्न चुकला आणि दीड महिना वाया गेला.

तुये गावातल्या कारखान्यात मी पॅकिंगला आहे. तिथे माझ्या घाईचं कौतुकच झालं. घरी मात्र चार वर्षांची सई माझ्या मांडीवरून उतरली आणि म्हणाली, "आई, तुझी मांडी धावते." मग ती जाऊन आजीच्या मांडीवर बसली. मला रडूच कोसळलं. आजार गेला खड्ड्यात, माझी पोर माझ्या मांडीवर टिकली पाहिजे, एवढंच मला हवं होतं.

वर्ष गोळ्यांत गेलं. दवाखान्याबाहेरच्या बाकावर मला बसवायचं नाही, मी भिंतीपासून भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालायचे आणि लोक पाय आत घ्यायचे. गोळ्यांनी आकडे उतरेनात, तेव्हा रेडिओआयोडिन द्यायचं ठरलं. एक कॅप्सूल गिळायची, ती ग्रंथीच्या जास्तीचं काम करणाऱ्या पेशी जाळून टाकते. पण काही दिवस अंगातून किरण बाहेर पडतात, म्हणून लहान मुलांपासून लांब राहायचं. मला तीन आठवडे सांगितले. पोर जवळ यावी म्हणून औषध घ्यायचं आणि औषध घेतलं की पोरीपासून लांब जायचं! डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "गुण यायला वेळ लागेल. घाई करून ग्रंथी ऐकत नाही."

सर्वण गावात आमचं कुळागर आहे, घरापासून उतारावर, सुपारी, केळी आणि मिरीच्या वेलींचं. तिथल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपीत, माझी सोय केली. सासरे जेवणाचा डबा दगडावर ठेवून मागे सरायचे. पहिले चार दिवस मी नुसती तडफडले. काजूच्या झाडापर्यंत जा, परत ये, फोन बघ. सई फोनवर आली की दोन मिनिटांत पळायची आणि मी उरलेला दिवस तिच्यावरच चिडायचे.

मग मी होऊन पाणी सोडायचं काम मागितलं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाटानं येतं. एका पोफळीच्या आळ्याचं तोंड उघडायचं, आळं भरलं की मातीनं बुजवायचं आणि पुढचं उघडायचं. मी तासाभरात सगळं उरकलं आणि मोठा तीर मारल्यासारखी उभी राहिले. सासऱ्यांनी एका आळ्यात बोट खुपसलं. वर ओल होती, खाली ठणठणीत कोरडं. सगळी बाग मी तहानलेली ठेवली होती.

ते पाटापलीकडूनच बोलले, "पाण्याक घाई नाय गो बाय. आळां भरापर्यंत थंयच बस."

बसले, पण दात आवळून. पाय हलत होते, छाती धडधडत होती. एकेक आळं म्हणजे शिक्षाच. पाणी सोडायला लागल्याच्या पाचव्या का सहाव्या दिवशी एक वाळकं पान पाण्यावर हळूहळू वर येत होतं. त्याच्यावर एक मुंगी. मी मुंगीकडे बघत राहिले. वरून झावळ्यांतून उन्हाचे कवडसे पाण्यात पडत होते, कुठलातरी पक्षी माणसासारखी शीळ घालत होता. पान काठाला लागलं, मुंगी उतरून चालायला लागली, आणि माझ्या लक्षात आलं की इतका वेळ मी छातीचे ठोके मोजलेच नाहीत.

देवळात हात जोडूनही माझं मन कधी असं बसलं नव्हतं. मला तिथे, चिखलात, देवाजवळ असल्यासारखं वाटलं. डॉक्टर म्हणतील, सोबत दिलेल्या धडधडीच्या गोळीचा गुण. असेल. दुसऱ्या दिवशी परत तीच तगमग होती. पण रोज एखादं आळं तरी असं मिळायचं आणि मी त्याची वाट बघायला लागले.

आता ग्रंथी थंडावली आहे. तिचं राहिलेलं काम भरून काढायला जन्मभर सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची आहे. डॉक्टरीणबाईंचे उपकार मानते, आणि एकही उपदेश न करता डबा ठेवून गेलेल्या सासऱ्यांचेही.

तीन आठवडे सरले त्या सकाळी सासूबाई सईला कुळागरात घेऊन आल्या. मी पाटाच्या काठावर बसले होते, नुकतंच एका आळ्याचं तोंड उघडलेलं. सई आधी लांब उभी राहिली. मग परीक्षा घेतल्यासारखी येऊन मांडीवर बसली. "हळू धावते आता," ती म्हणाली, आणि माझ्या दंडावर डोकं टेकलं.

आळं भरलं. काठावरून पाणी सांडायला लागलं, माझ्या पायाखालून वाहायला लागलं. मी उठले नाही. थेंबभर पाणी वाया गेलं की ओरडणारे सासरे खोरं घेऊन आले, आमच्याकडे एकदा बघितलं, आणि त्यांनी ते तोंड बुजवून पुढच्या पोफळीचं उघडलं.