सारखा तुटणारा पट्टा

यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मला गाडी चालवता येत नव्हती. गाडी यांची होती. मी बाजूच्या सीटवर मांडीवर डबा घेऊन बसणारी. पांढरी, लहानशी, आमच्या मुलीच्या बालवाडीच्या वेळी घेतलेली गाडी. मुलगी आता पुण्यात नोकरी करते, यावरून गाडीचं वय समजावं.

दवाखान्यातून घरी आल्यावर यांचा उजवा पाय हळूहळू चालू लागला. काठी धरून अंगणापर्यंत यायचे. उजवा हात मात्र लोंबताच राहिला, आणि बोलणं विस्कटलं. आवाज होता, पण शब्द भलतेच यायचे. पेपर हवा असला की ‘चप्पल’ म्हणायचे, चहाला ‘कपाट’. आणि काहीच सापडलं नाही की ‘पाणी’. पंखा लाव, तर पाणी. दार वाजतंय, तर पाणी. मी दिवसभर ग्लास घेऊन धावायची आणि ते डाव्या हातानं ग्लास बाजूला सारायचे.

बोलणं शिकवणाऱ्या एक बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला, छावणी भागात बसायच्या. तरुण होत्या, पण फार समजूतदार. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, “काकू, यांना सगळं कळतं बरं का. शब्द आत आहेत, फक्त हाताला लागत नाहीत. तुम्ही घाई करू नका.”

आमचं घर गारखेड्यात. तिथून छावणीला रिक्षानं न्यायचं म्हणजे यांचा पाय आत घेताना रिक्षावाला वैतागायचा, मागचे हॉर्न वाजवायचे आणि यांचं तोंड अपमानानं लाल व्हायचं. एक दिवस घरी परतल्यावर मी ठरवलं आणि ड्रायव्हिंगच्या क्लासला नाव घातलं. मी घरी ब्लाउज शिवते. गिऱ्हाइकांना सांगितलं, महिनाभर उशीर होईल. पन्नाशी उलटल्यावर क्लच आणि ब्रेक शिकताना किती रडले ते माझं मलाच माहीत. पण शिकले.

पट्टा पहिल्यांदा तुटला तो क्रांती चौकाच्या अलीकडं. सकाळची गर्दी होती. पुढून फटकन आवाज आला, समोर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि जळलेल्या रबराचा वास आला. यांनी डाव्या हातानं माझा दंड धरला आणि “पाणी, पाणी” म्हणू लागले. मी गाडी कडेला घेतली, घाईघाईत बाटली उघडून यांच्या तोंडाला लावली. यांनी ती झिडकारली. माझी साडी भिजली. चिडून मी म्हटलं, “अहो, मग काय करू मी? सांगा ना!” ते खिडकीबाहेर बघत बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बघून मला माझ्या चिडण्याचं फार वाईट वाटलं.

एका पोरानं ढकलायला मदत केली, कुणीतरी गॅरेजवाल्याला फोन लावून दिला. गॅरेजवाला आमच्याच भागातला, यांचा जुना ओळखीचा. वयानं आमच्याएवढाच. यांना ‘भाईजान’ म्हणायचा, मला भाभी. त्यानं बॉनेट उघडून दाखवलं. “भाभी, फॅनबेल्ट गया. ह्यो पट्टा अल्टरनेटर फिरवतो, त्यानं बॅटरी चार्ज होते. पाण्याचा पंपही ह्यावरच. तुटला की गाडी चालवायची नाही, इंजन तापतं.”

त्यानं नवीन पट्टा टाकला. मला वाटलं, जुनी वस्तू होती, झालं असेल.

थोडेच दिवस गेले आणि सकाळी गाडी सुरू केली की किंचाळायला लागली. चिंऽऽ असा आवाज, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. समोरच्या वहिनी गमतीनं म्हणायच्या, “निघाल्या वाटतं छावणीला!” गॅरेजवाल्यानं पट्टा ताणून दिला. दोन दिवस शांतता, मग पुन्हा चिंऽऽ. पुन्हा ताणला. मग एक दिवस छावणीहून परतताना तो पट्टाही तुटला. भर उन्हात यांना फुटपाथवर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवून मी मदत शोधत फिरले.

मग मी दुसऱ्या गॅरेजात गेले, जालना रोडवरच्या मोठ्या. तिथल्या माणसानं सांगितलं, अल्टरनेटरची बेअरिंग गेली आहे, तीच पट्टा खाते. बेअरिंग बदलली, पट्टा पुन्हा नवा. आठवडा बरा गेला. नंतर चिंऽऽ.

तुटलेले पट्टे मी टाकले नव्हते. शिवणकाम करणाऱ्या बाईला मशीनचा पट्टा नीट बघायची सवय असते. दोन्ही पट्टे एकाच कडेनं कुरतडले होते, दुसरी कड नव्यासारखी. बॉनेटच्या आत त्याच बाजूला काळी भुकटी साचली होती. मी मोठ्या गॅरेजातल्या माणसाला ते दाखवलं. तो म्हणाला, “मॅडम, माल डुप्लिकेट असेल.” मी मान हलवली आणि घरी आले. मनात मात्र खुटखुट राहिली.

मुलगी रोज रात्री फोन करायची. “आई, विकून टाक ती गाडी. बाबांना घेऊन रस्त्यात अडकलीस तर? मला इथं झोप लागत नाही.” तिचंही खरं होतं. मी हो म्हणाले. ओळखीतून एक माणूस गाडी बघायला आला.

तो गाडीभोवती फिरत होता, टायरला पाय लावून बघत होता. हे ओट्यावर बसले होते. काठी टेकत उठले, गाडीपाशी गेले आणि डाव्या हातानं दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. झटका आल्यापासून त्या सीटवर ते एकदाही बसले नव्हते. उजवा पाय बाहेरच राहिला होता, तो हातानं उचलून आत घेतला. स्टिअरिंगवर हात ठेवला. 

“अहो, बाहेर या ना. पाहुणे थांबलेत,” मी म्हटलं. यांनी मान हलवली, नाही.

तो माणूस शहाणा होता. “राहू द्या ताई, पुन्हा कधीतरी,” म्हणाला आणि गेला. हे तसेच बसून. जेवायची वेळ झाली तरी उठेनात. शेवटी मी ताटात भाकरी आणि शेपूची भाजी घेऊन बाजूच्या सीटवर जाऊन बसले. घास करून दिले, त्यांनी खाल्ले. गल्लीतून जाणारे येणारे बघत होते. मी कुणाकडं पाहिलं नाही. त्या दिवशी गाडी विकायचा विचार मी सोडला, आणि रात्री मुलीला तसं सांगितलं.  ती म्हणाली, “बरं. पण नीट करून घे.”

मी आमच्या जुन्या गॅरेजवाल्याला विनंती केली की सकाळी गाडी थंड असताना घरी या, कारण गॅरेजपर्यंत नेईस्तोवर आवाज जातो. तो आला. मी गाडी सुरू केली, चिंऽऽ सुरू झालं. त्यानं बॉनेट उघडलं, कान लावला, टॉर्च मारून बघितलं. गाडी बंद करून पट्टा अंगठ्यानं दाबला. “टाइट तो है भाभी. आणखी ताणला तर बेअरिंग जाईल. फिर कायकू चिल्लाता, समजत नाही.” गाडी पुन्हा सुरू केली.

हे दारात उभे होते. “पाणी,” म्हणाले.

मी सवयीनं आत गेले, ग्लास भरून आणला. या वेळी यांनी ग्लास सारला नाही. डाव्या हातात घेतला, काठी माझ्याकडं दिली आणि गाडीला टेकत टेकत पुढं आले. मी मागून यांचा शर्ट धरला, हात पट्ट्यात जाईल या भीतीनं. पण हे लांबच थांबले. ग्लास थोडासा तिरपा करून फिरत्या पट्ट्यावर पाण्याचा जरासा शिडकावा केला.

आवाज थांबला, एकदम. गल्लीत चिमण्या ऐकू यायला लागल्या.

मग पाणी उडून गेलं, आणि चिंऽऽ परत आलं. यांनी पुन्हा शिडकावा केला. पुन्हा शांत. हे गॅरेजवाल्याकडं बघत होते, त्याचा चेहरा वाचत असल्यासारखे.

“अरे अल्ला,” तो म्हणाला. “भाईजान, बराबर!” त्यानं गाडी बंद करायला सांगितली आणि माझ्याकडं वळला. “भाभी, आमचे उस्ताद हे करायचे. मी विसरूनच गेलतो. पट्टा ढिला असता तर पाण्यानं आवाज वाढला असता, घसरला असता. इथं आवाज बंद होतो. म्हणजे पट्टा सरळ धावत नाही. कोणती तरी पुली वाकडी बसलीय.”

त्यानं सरळ लोखंडी पट्टी आणून, पट्टा ज्यांवर फिरतो त्या दोन पुल्यांवर आडवी धरली. मला वाकून बघायला सांगितलं. खालच्या पुलीला पट्टी सपाट टेकली होती, अल्टरनेटरच्या पुलीपाशी एका बाजूला फट दिसत होती. अल्टरनेटर ज्या ब्रॅकेटवर बसतो त्याचं भोक झिजून लांबट झालं होतं. पट्टा जितका ताणावा तितका अल्टरनेटर तिरपा व्हायचा. म्हणजे आम्ही ताणून ताणून दुखणं वाढवत होतो.

मला ते लगेच पटलं. माझ्या पायमशीनचं खालचं चाक सरकलं की चामड्याचा पट्टा असाच एका कडेनं खाल्ला जातो. मी तुटलेले पट्टे आणून दाखवले. गॅरेजवाला कड बघून म्हणाला, “हे आधी का नाही दाखवलं, भाभी?” मी म्हटलं, दुसरीकडं दाखवलं होतं. त्यावर तो नुसता हसला.

मी यांच्याकडं वळले. “अहो, तुम्हाला केव्हापासून कळलं होतं हे? कुठं पाहिलं होतं तुम्ही?”

यांनी बराच वेळ शब्द शोधला. ओठ हलले. शेवटी म्हणाले, “चप्पल.” आणि स्वतःच हसायला लागले. झटका आल्यानंतर ते हसलेले मी पहिल्यांदा बघितले. गॅरेजवालाही हसला, मीही हसले, आणि मग मला रडू आवरेना, म्हणून ग्लास ठेवायच्या निमित्तानं आत गेले.

आमच्या गाडीचं ब्रॅकेट आता नवीन मिळत नाही. गॅरेजवाल्यानं भंगारबाजारात फिरून एका मोडलेल्या गाडीचं काढून आणलं. ते बसवलं, पुन्हा पट्टी लावून बघितली. या वेळी हे बाजूला खुर्ची टाकून बसले होते आणि गॅरेजवाला प्रत्येक वेळी त्यांना विचारत होता, “भाईजान, ठीक?” हे मान डोलवायचे. एकदा नाही म्हणाले, तर त्यानं खरंच पुन्हा खोललं आणि एक वायसरची चकती घातली. त्याची गरज होती की नव्हती, मला माहीत नाही.

छावणीतल्या बाईंना मी हे सगळं सांगितलं. आंबा, गाय, घर अशी चित्रं त्या यांना दाखवायच्या, आणि हे कंटाळायचे. पुढच्या वेळी बाईंनी पाना, स्क्रूड्रायव्हर, टायर यांची चित्रं आणली. यांचा चेहरा बदलला. ‘पाना’ बरोबर आलं. ‘टायर’ यायला फार दिवस लागले. काही शब्द अजून येत नाहीत, आणि बाई मला खोटी आशा दाखवत नाहीत. पण घरी ‘पाणी’ ऐकलं की मी आता आधी यांच्याकडं बघते, ते कुठं बघतायत ते बघते, आणि मग उठते.

दिवाळीनंतर गाडीनं आम्ही यांच्या गावी गेलो, कन्नड तालुक्याच्या बाजूला. एवढा लांबचा रस्ता मी पहिल्यांदाच चालवत होते. मका काढून झाला होता. थोरले दीर बांधावर उभे होते. ते चालत आले, यांना दोन्ही हातांनी धरून गाडीतून उतरवलं, आणि बराच वेळ सोडलंच नाही.

“लई दिस लावले रे यायला,” दीर म्हणाले. मग गाडीकडं बघून विचारलं, “ड्रायव्हर कुठं हाय? त्याला बी चहाला बोलाव.”

यांनी मान वळवली. मी डिकीतून पिशव्या काढत होते. त्यांचे ओठ हलले, थांबले, परत हलले. दीर वाट बघत उभे राहिले, त्यांनी मधे शब्द घातला नाही.

“ही,” हे म्हणाले. डावा हात उचलून माझ्याकडं दाखवला. “ही.”

दिरांनी माझ्याकडं वळून बघितलं. “व्हय का?” म्हणाले, आणि पुढं येऊन माझ्या हातातल्या पिशव्या घेतल्या.