गुरुवारच्या मेट्रनबाई

कोणाच्याही घरी गेल्या की मेट्रनबाई आधी स्वयंपाकघरात जात आणि ओल्या कचऱ्याच्या डब्याचे झाकण उघडत. घरातल्या बाईशी बोलणे त्यानंतर. डब्यातून बटाट्याची एक साल चिमटीत धरून त्या खिडकीपाशी नेत आणि निकाल देत. "सालीतून उजेड दिसला पाहिजे. हिच्यातून काही दिसत नाही. अर्धा बटाटा डब्याने खाल्ला." मग साल परत टाकून, हात धुऊन, बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसत. हे मी काळेवाडीतल्या निदान वीस घरांत पाहिले आहे. आमच्या घरात चार वेळा.

आमच्या चर्चची महिलांची सभा दर गुरुवारी दुपारी दोन वाजता भरे, दर आठवड्याला वेगळ्या घरी. वेळ मेट्रनबाईंनीच ठरवली होती. पहिल्या शिफ्टचे नवरे दोनला घरी नसतात, हे त्यांचे कारण. रात्रपाळीचा नवरा आतल्या खोलीत झोपलेला असेल तर गीते हळू आवाजात म्हणायची, हा नियमही त्यांचाच. गीत, शास्त्रवाचन, प्रार्थना, आणि शेवटी ज्या घरी सभा त्या घरच्या बाईने काटकसरीची एक युक्ती सांगायची. नुसती सांगायची नाही, करून दाखवायची. युक्ती नवी हवी. मागे झालेली कोणी सांगितली तर मेट्रनबाई तिला मध्येच थांबवत आणि कोणाच्या घरी, कोणत्या ऋतूत ती झाली होती ते सांगत. त्यांनी ते कुठेही लिहून ठेवलेले नव्हते.

नगर जिल्ह्यातल्या एका मुलींच्या बोर्डिंगमध्ये त्या सत्तावीस वर्षे मेट्रन होत्या. निवृत्तीनंतर भाचीकडे राहायला आल्या. लग्न केलेले नव्हते. बोर्डिंग सुटले तरी मुली सुटल्या नाहीत. आमच्या आया त्यांच्या मुली झाल्या. त्या सगळ्यांना अगं-तुगं करत, चर्चच्या पाळकांच्या पत्नीला, पाळकीणबाईंनासुद्धा. पाळकीणबाई एकदा नवी साडी नेसून आल्या तेव्हा मेट्रनबाईंनी सर्वांसमक्ष पदराचे टोक बोटांत चोळून पाहिले आणि दोन धुण्यांत रंग जाईल असे सांगितले. रंग खरोखर गेला. त्यांच्याबद्दल राग धरणाऱ्यांची मोठी अडचण हीच होती, की त्यांचे म्हणणे बहुतेक वेळा खरे निघे.

खाण्याच्या बाबतीत त्यांचा नियम एकच होता: चहा, त्याबरोबर काही नाही. एका घरी नव्या सुनेने हौसेने बाहेरून कचोऱ्या मागवल्या. मेट्रनबाईंनी पुडके उघडू दिले नाही. "आपण सभेला आलोय, साखरपुड्याला नाही," त्या म्हणाल्या. सून रडली. पुढच्या गुरुवारी जिच्या घरी सभा होती तिच्या नवऱ्याला तीन महिने काम नव्हते. तिला चहाबरोबर काही द्यावे लागले नाही. हा योगायोग होता की हिशेब, हे मला तेव्हा कळले नाही. आता वाटते, हिशेब असावा. पण सुनेच्या रडण्याचा त्या हिशेबात कुठेच विचार नव्हता.

त्यांच्या प्रार्थनांना बायका घाबरत. डोळे मिटून, शांत आवाजात, त्या देवाला एकेका घराची बातमी देत. एका भगिनीला पहाटे उठण्याचे बळ दे. एका भगिनीच्या सासूला तिखट कमी खाण्याची बुद्धी दे. नाव घेत नसत, पण खोलीत पहाटे न उठणारी बाई एकच असे आणि सगळ्यांना ती माहीत असे. जालन्याकडच्या मंदामावशी आमच्या शेजारी राहत. घरी परत येताना त्या आईला म्हणायच्या, "ही बाई सर्गात गेली ना, तर दारातच इचारंल, दिवसा एवढे दिवे कामून लावले म्हून." आई तोंडावर पदर धरून हसायची. तरी दोघी पुढच्या गुरुवारी जायच्या. पत्र्याच्या खोलीत दिवसभर एकट्या असणाऱ्या बायकांना दुसरी जागा नव्हती.

सगळ्या युक्त्या चांगल्या होत्या असे नाही. वापरलेली चहापत्ती उन्हात वाळवून पुन्हा वापरता येते, असा मेट्रनबाईंचा दावा होता. चर्चच्या हंगामाच्या सणाला, म्हणजे सुगीच्या उपासनेला, त्यांनी तो दीडशे माणसांवर करून पाहिला. पाळकसाहेबांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवून बराच वेळ उपदेशाची टिपणे चाळत बसले. मेट्रनबाईंनी स्वतः दोन कप संपवले. तो चहा वाईट होता हे त्यांनी कधीही मान्य केले नाही.

आमच्या घराशी त्यांचा खरा संबंध आला तो हातमोज्यांमुळे. कारखान्यात कामगारांना सुती विणीचे पांढरे हातमोजे मिळतात. काही दिवसांत ते तेलाने काळे होतात आणि फेकले जातात. वडिलांच्या कंपनीने त्यांची लाइन बंद केली आणि त्यांचे काम गेले त्या वर्षी आईने चाकणच्या एका भंगारवाल्याकडून असे हातमोजे पोत्याने आणायला सुरुवात केली. आधी ते लाकडाच्या भुशात दाबून ठेवायचे, म्हणजे तेल भुसा पितो. मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात, मग उन्हात. त्यानंतर खरे काम. हातमोजा कुठूनही उसवला तर धाग्याचे तुकडे होतात. मनगटाच्या कडेला रंगीत शिवण असते. ती एका ठरावीक टाक्यावर कापली तर विणीचे शेवटचे टोक हाती येते आणि तळव्याचा सगळा धागा सलग सुटतो. तो टाका शोधायला आईला दोन महिने लागले होते. त्या धाग्याच्या ती क्रोशाच्या पिशव्या विणायची. तळेगाव दाभाड्याच्या एका दुकानदाराने त्या ठेवून घेतल्या, मग आणखी मागितल्या. वडील दुचाकीवरून पोचवायला जात. त्या पावसाळ्यात आमचे घर त्या टाक्यावर चालले. तो टाका घरातल्या तिघांशिवाय कोणाला माहीत नव्हता, आणि तो कोणाला सांगायचा नाही हे आईने आम्हाला बजावले होते.

पावसाळा संपताना आमच्या घरी सभेची पाळी आली. आईने आदल्या दिवशी गॅलरीतल्या दोरीवरचे सगळे काढले, पोते पलंगाखाली ढकलले आणि लिंबाच्या सालींची युक्ती तयार ठेवली. मेट्रनबाई आल्या, डबा पाहून झाला. नंतर त्या गॅलरीत गेल्या आणि परत आल्या. दोरीवर दोन हातमोजे राहून गेले होते.

आईने लिंबाच्या साली पुढे केल्या. मेट्रनबाई म्हणाल्या, "ही शीलाच्या घरी झाली, उन्हाळ्यात. दोरीवरचं काय आहे ते सांग, सुनंदा."

आई म्हणाली, ते अजून नीट जमत नाही.

मेट्रनबाई उठल्या. गुडघे दुखत असूनही खाली बसल्या आणि पलंगाखालून पोते ओढले. पोत्याबरोबर एक पूर्ण झालेली पिशवी बाहेर आली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, बंद ताणून पाहिला. "जमलंय की," त्या म्हणाल्या. "देवाने दिलेली अक्कल पलंगाखाली ठेवायची नसते. कात्री आण."

खोलीत अठरा बायका होत्या. आईने मंदामावशींकडे पाहिले. मंदामावशींनी खाली पाहिले. आई उठली आणि कात्री घेऊन आली. मनगटाची कड कशी धरायची, कोणता टाका कापायचा, तिने दाखवले. तिचा आवाज नेहमीसारखा होता. मेट्रनबाईंनी एका मुलीला फोनवर हे सगळे रेकॉर्ड करायला सांगितले, जी आली नाही तिलाही मिळावे म्हणून. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सभेच्या ग्रुपवर होता. रविवारपर्यंत तो दापोडी, भोसरी आणि निगडीच्या चर्चच्या बायकांकडे पोचला होता. व्हिडिओत आईचे फक्त हात दिसत.

नाताळच्या आधी तळेगावच्या दुकानदाराने वडिलांना सांगितले की पिशव्या आता दुसरीकडून निम्म्या भावात मिळतात. त्या देणारी शीला होती. आमच्या मागच्या चाळीत एका खोलीत ती दोन मुलींना घेऊन राहत असे. नवरा घर सोडून गेला होता. गुरुवारी ती दाराशी बसायची आणि फारसे बोलायची नाही. आमच्या घरी त्या दिवशी ती सर्वांत पुढे सरकून बसली होती.

जानेवारीत आई चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये लागली. पहाटे साडेपाचची बस, आठ तास उभे राहून कांदे चिरणे. ते काम तिने सहा वर्षे केले. तिच्या पायांच्या शिरा त्या काळात फुगल्या, त्या अजून तशाच आहेत. गुरुवारच्या सभेला ती पुन्हा गेली नाही. शिफ्टमुळे जमत नाही असे सांगायची. सुट्टीच्या गुरुवारीही ती गेली नाही. मेट्रनबाई त्यावर एकदाच बोलल्या, तेही देवाशी: एका भगिनीच्या मनातला कडवटपणा काढून टाक. मंदामावशींनी घरी येऊन ते सांगितले. या वेळी आई हसली नाही.

मी पुढे वर्तमानपत्रात काम करू लागले. तिथे पहिली शिकवण अशी, की ज्याच्याविरुद्ध लिहायचे त्याची बाजू विचारायची. मेट्रनबाईंचे खुब्याचे हाड मोडून त्या अंथरुणाला खिळल्याचे कळले तेव्हा मी गेले. भाचीने चहा दिला, त्याबरोबर काही नाही. मी विचारले, तो आमच्या घराचा धंदा होता हे तुम्हाला माहीत होते का?

"माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तळेगावच्या दुकानात पिशवी पाहिली होती मी. सुनंदाची वीण मला ओळखू येते."

मग का?

"शीलाच्या घरी मी त्याच आठवड्यात डबा उघडला होता. रिकामा होता. चार दिवसांपासून रिकामा. तुमच्या डब्यात निदान साली होत्या."

मी म्हणाले, आईला आधी विचारता आले असते. चारचौघींत नाही, एकटीला.

"विचारलं असतं तर हो म्हणाली असती. चांगली बाई आहे. मग शीला जन्मभर तिच्या उपकारात राहिली असती. मी बोर्डिंगमध्येच वाढले, पोरी, मेट्रन नंतर झाले. दर नाताळला न पाहिलेल्या लोकांना आभाराची पत्रं लिहायचे. त्यांनी पाठवलेला झगा अंगावर, आणि पत्र चुकलं की तिथली बाई झग्याकडे बोट दाखवायची. शीलाने कोणाला पत्र लिहू नये असं मला वाटलं. म्हणून मागितलं नाही. घेतलं."

शीलाची थोरली मुलगी आज नर्स आहे, धाकटी एका कंपनीत क्वालिटीला. हे मी तपासले. मेट्रनबाईंनी स्वतः त्या पिशव्यांतून काही घेतले नाही, हेही तपासले. त्यांची बाजू मी इथे पूर्ण दिली आहे. त्या बाजूने माझे मत बदललेले नाही. दुसऱ्याचा घास तिसऱ्याला देऊन स्वतः दोघांच्याही उपकारातून मोकळे राहणे त्यांना आयुष्यभर साधले, आणि त्याला त्या सेवा म्हणत आल्या.

मेट्रनबाई त्याच हिवाळ्यात गेल्या. दफनाला मंडळी पुष्कळ होती. आई आली, रांगेत उभी राहिली, मूठभर माती टाकली. शीला पलीकडच्या बाजूला मुलींबरोबर रडत होती. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. त्या कधीच बोलत नसत.

परतताना रिक्षा मिळेपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. मेट्रनबाई काय म्हणाल्या होत्या ते मी आईला तेव्हा सांगितले, डब्यापासून झग्यापर्यंत, शब्द न बदलता. विचारले असते तर तू हो म्हणाली असतीस, हेही.

आईने पायावरचा भार बदलला.

"नाही म्हटलं असतं मी," ती म्हणाली. "शीलाचं घर मलाही दिसत होतं. तरी नाहीच म्हटलं असतं. आणि ते बाईंना पक्कं माहीत होतं."